इंजिनावर ‘कोल्हापूर’, पण फोटो कुठला? ब्रिटिश रेल्वेचे जुने फोटो ओळखण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचे मामा साठच्या दशकात लीड्सला होते. त्यांच्या पेटीत रेल्वेचे ढीगभर कृष्णधवल फोटो आणि निगेटिव्हच्या पट्ट्या निघाल्या. एका फोटोत वाफेच्या इंजिनावर ‘कोल्हापूर’ अशी पाटी आहे, कॅबवर ४५५९३ हा नंबर आहे, नंबरावरून तिरका फिकट पट्टा गेलाय आणि फोटोमागे पेन्सिलने ‘१९६१’ लिहिलंय. घरची मंडळी म्हणतात, हा कोल्हापूर स्टेशनचा फोटो. दुसऱ्या एका फोटोत कुठलं तरी दगडी स्टेशन आहे, नावाची पाटी दिसत नाही, नुसतं तिरक्या फळ्यांचं कुंपण दिसतं. हे कुठले, कधीचे, आणि लोकांपुढे मांडायचे तर कसे, असं तुम्ही विचारलंय.

फोटो कोल्हापूरचा नाही. तेव्हा कोल्हापूरला मीटरगेज होती. हे इंजिन ब्रिटनच्या १४३५ मिलिमीटर गेजचं, ते कोल्हापूरच्या रुळावर उभंच राहू शकलं नसतं. नाव मात्र आपल्याच कोल्हापूरचं. लंडन मिडलँड अँड स्कॉटिश म्हणजे एलएमएस या कंपनीने विल्यम स्टॅनियर यांच्या रचनेनुसार १९३४ ते १९३६ या काळात ‘जुबिली’ वर्गाची १९१ इंजिनं बांधून घेतली आणि त्यांना साम्राज्यातल्या मुलखांची, संस्थानांची, आरमारी सेनानींची नावं दिली. त्यात हिंदुस्थानची एक सलग रांगच आहे: मुंबई, बंगाल, पंजाब, हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर वगैरे. ४५५८७ बडोदा, ४५५८९ ग्वाल्हेर, ४५५९२ इंदूर आणि ४५५९३ कोल्हापूर. होळकर, शिंदे, गायकवाड आणि छत्रपती, सगळे एकाच लोकोशेडच्या वहीत! कोल्हापूर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने १९३४ साली बांधलं. ते आजही बर्मिंगहॅममधल्या टाइसली इथे जतन केलेलं आहे.

आता तारीख. मागे पेन्सिलने लिहिलेलं ‘१९६१’ सोडून द्या, कारण तो तिरका पट्टा त्याला खोटं पाडतो. क्रू या मोठ्या जंक्शनच्या दक्षिणेला मुख्य मार्गावर २५ हजार व्होल्टच्या तारा ओढल्यानंतर काही वर्गांची वाफेची इंजिनं उंचीमुळे तारांखाली धोक्याची ठरली. १ सप्टेंबर १९६४ पासून त्यांना क्रूच्या पुढे जायला बंदी झाली आणि कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून कॅबवर, नंबराच्या अंगावरूनच, पिवळा तिरका पट्टा मारला गेला. कृष्णधवल फोटोत तो फिकट करडा दिसतो. म्हणजे मामांचा फोटो सप्टेंबर १९६४ च्या अलीकडचाच. दुसरी कड इंजिनाच्या निवृत्तीने मिळते. कोल्हापूर ऑक्टोबर १९६७ मध्ये लीड्सच्या होलबेक शेडमधून सेवेतून निघालं. राहिली तीन वर्षं. मामा लीड्सलाच होते आणि हे इंजिन शेवटी होलबेकचंच होतं, हा मेळ चांगला बसतो. १९६७ च्या उन्हाळ्यात होलबेकच्या उरलेल्या दोन-तीन जुबिली शनिवारच्या गाड्या घेऊन उत्तर इंग्लंडातल्या सेटल–कार्लाइल या डोंगरी मार्गावर जात आणि त्यांच्यासाठी कॅमेरे घेऊन पोरं डोंगरात बसलेली असत. मामा त्यांच्यातले असतील तर नवल नाही, पण हे फोटोवरून सिद्ध झालं असं समजू नका.

आणखी नेमकं व्हायचं असेल तर भिंग घेऊन, किंवा स्कॅन मोठं करून, तीन जागा बघा. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे इंजिनाच्या गोल तोंडाच्या, दाराच्या तळाशी लंबगोल छोटी पाटी असेल, तिच्यावर शेडचा सांकेतिक क्रमांक असतो. होलबेक आधी २०ए होतं, १९५७ पासून ५५ए झालं. शेवटच्या काळात अशा पाट्या चोरीला जात, म्हणून ती जागा रिकामी असेल किंवा आकडे रंगाने खरडलेले असतील, तर तेही उशिराच्या काळाकडेच बोट दाखवतं. दुसरं, ‘कोल्हापूर’ ही अक्षरं ओतीव पाटीवर आहेत की पत्र्यावर रंगवलेली? शेवटच्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच इंजिनांच्या नावाच्या पाट्या रेल्वेने स्वतःच उतरवून ठेवल्या होत्या. तिसरं, पुढच्या दिव्यांची जागा. दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा म्हणजे एक्सप्रेस गाडी. धुराड्याच्या पायथ्याशी एकच दिवा म्हणजे साधी पॅसेंजर. दिव्यांवरून तारीख नाही कळत, पण गाडी कळते, आणि गाडी कळली की वेळापत्रक उघडता येतं.

इथे एक सापळा आहे. जतन झाल्यावर हेच इंजिन काही काळ लाल रंगात, ५५९३ या जुन्या नंबराने फिरलं. म्हणजे ५५९३ असलेला फोटो तीसच्या दशकातला असू शकतो आणि १९६८ नंतरचाही. जतन केलेल्या कुठल्याही इंजिनाबाबत हा घोळ ठरलेला. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध इंजिनाचंच बघा. १९६३ मध्ये सेवेतून निघाल्यावर ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेतलं आणि पुन्हा ४४७२ हा जुना नंबर, हिरवा रंग, एकेरी धुराडं असं सजवलं. नंबर बघून कोणी ‘१९३५’ लिहून मोकळं होतं आणि मागे उभ्या फोर्ड कॉर्टिनाकडे लक्षच जात नाही.

नंबरांचं गणित सोपं आहे आणि एकदा कळलं की अर्धं काम होतं. १९२३ पासून ब्रिटनमध्ये चार मोठ्या कंपन्या होत्या: एलएमएस, एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न), ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ ला सगळ्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज झाली. त्यानंतर सदर्नच्या जुन्या नंबरात ३० हजार, एलएमएसच्या नंबरात ४० हजार, एलएनईआरच्या नंबरात ६० हजार मिळवले. ग्रेट वेस्टर्नचे नंबर तसेच ठेवले, कारण त्यांच्या पाट्या ओतीव धातूच्या होत्या. म्हणून पाच आकडी नंबर दिसला की बहुतेक वेळा फोटो १९४८ नंतरचा. वेस्टर्नच्या चार आकडी नंबरावरून मात्र काही ठरवू नका.

यातून एक रीत लक्षात येईल, ती सगळ्या फोटोंना लागू पडते. नवी गोष्ट दिसली की ‘याच्या आधीचा नाही’ ही कड पक्की मिळते. जुनी गोष्ट दिसली की ‘याच्या नंतरचा नाही’ ही कड कच्ची असते, कारण जुनं लगेच जात नाही. टेंडरवरचं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीवरचं, बोधचिन्ह घ्या. चाकावर पाय टाकून उभा सिंह १९४९ पासून. मुकुटातून वर आलेला, पंजात चाक धरलेला सिंह १९५६ पासून. दुसरा सिंह दिसला तर फोटो १९५६ च्या आधीचा नाहीच. पण पहिला सिंह दिसला म्हणून १९५६ च्या आधीचा, असं म्हणू नका. इंजिन पुन्हा रंगवायला जाईपर्यंत जुना सिंह साठच्या दशकातही फिरत राहिला. डब्याच्या दारावरचा ‘३’ हा आकडा तसाच. ३ जून १९५६ ला थर्ड क्लास नावापुरता संपून त्याचा सेकंड झाला. दारावर ‘३’ असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा, फार तर नंतरच्या काही काळातला. हे सगळीकडे पाळलं तर फोटोखाली ‘साल १९५८’ असं ठोकून देण्याऐवजी ‘१९५६ ते १९६२, बहुधा सुरुवातीचा’ असं लिहायची सवय लागते. तेच जास्त उपयोगाचं.

निवृत्तीची तारीखही अंतिम मानू नका. निवृत्त इंजिनं भंगाराच्या यार्डात उभी राहत. वेल्समध्ये बॅरी इथल्या वुडहॅम यांच्या यार्डात तर शेकडो इंजिनं गंजत पडली आणि त्यांतली २१३ पुढे वीसेक वर्षांत जतनासाठी बाहेर निघाली. तांबेरलेली, सळ्या काढून घेतलेली इंजिनं ओळीने उभी दिसली तर आधी बॅरी आठवा.

डिझेलचे फोटो असतील तर झटपट सांगतो: तोंडावर पिवळा छोटा चौकोन साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून, पूर्ण पिवळं तोंड त्याच दशकाच्या उत्तरार्धापासून, दोन बाणांचं चिन्ह १९६५ पासून. तोंडावरच्या खिडकीत तीन आकडे आणि एका अक्षराचा गाडीक्रमांक १९७६ पर्यंत. त्यातलं अक्षर कामाचं: एम म्हणजे लंडन मिडलँडकडे, एस स्कॉटलंडकडे, व्ही वेस्टर्नकडे, ओ सदर्नकडे. वाफेच्या शेवटच्या वर्षांत हाच क्रमांक कागदावर लिहून स्मोकबॉक्सवर चिकटवलेलाही दिसतो.

पण खरं सांगू? नव्याने बघणारा इंजिनाकडे बघतो. मी इंजिन शेवटी बघतो. इंजिन फिरतं, स्टेशन फिरत नाही. शिवाय फोटो काढणाऱ्याने इंजिन मुद्दाम पकडलेलं असतं. मागचं कुंपण, दिव्याचा खांब, दुधाच्या कॅन, सिग्नल केबिनचं छप्पर हे त्याच्या नकळत आलेलं असतं आणि त्यातूनच जागा सापडते.

तुमचं दुसरं, बिननावाचं दगडी स्टेशन मला म्हणूनच जास्त आवडलं. कुंपणाच्या फळ्या उभ्या नसून तिरक्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ती मिडलँड रेल्वेची ओळख. ही कंपनी १९२३ मध्येच एलएमएसमध्ये विलीन झाली, पण तिची कुंपणं पुढे कित्येक दशकं तशीच राहिली. दगडी इमारत, उंच उतरत्या छपराचे त्रिकोण आणि त्यांच्या कडेला नक्षीदार लाकडी पट्ट्या असतील तर सेटल–कार्लाइल मार्गाचं स्टेशन असण्याची शक्यता भक्कम होते. लीड्सहून मामांना तो मार्ग हाताशीच. इतर कंपन्यांच्याही अशा खुणा आहेत. ग्रेट वेस्टर्नच्या आडगावच्या थांब्यांवर पन्हाळी पत्र्याची पॅगोडासारखी टोपी घातलेली खोली असते. सदर्नकडे काँक्रीटचे खांब, काँक्रीटची कुंपणं, आणि रुळाच्या शेजारी वीजवाहक तिसरा रूळ. सिग्नलच्या हाताकडेही बघा. गाडीला वाट देताना हात खाली पडतो की वर उठतो? वेस्टर्नने शेवटपर्यंत खाली पडणारा ठेवला; बाकीच्यांनी १९२० च्या दशकापासून हळूहळू वर उठणारा आणला. ग्रेट नॉर्दर्न या जुन्या कंपनीच्या मुलखात हात मधोमध टांगलेला असून कोलांटी मारल्यासारखा फिरतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही.

जागेचा अंदाज आला की स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जा. तिथे ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून बघता येतात, आणि फक्त स्कॉटलंडचे नव्हे, इंग्लंड-वेल्सचेही. फोटोत फलाटाच्या टोकाला पूल, डावीकडे माल-शेड, मागे चर्चचा मनोरा असेल तर नकाशावर तीच मांडणी शोधायची. मग सावल्या. सेटल–कार्लाइल मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जातो, तेव्हा इंजिनाच्या कुठल्या अंगावर ऊन आहे यावरून सकाळ की दुपार आणि गाडी कुठल्या दिशेची, हे बऱ्यापैकी ठरतं. हे सगळं करण्याआधी एक खात्री करा: निगेटिव्ह उलटी तर स्कॅन झाली नाही ना? नंबर दिसत असेल तर लगेच कळतं. नसेल तर दुहेरी मार्गावर गाडी कुठल्या बाजूने चाललीय ते बघा. ब्रिटनमध्ये गाडी आपल्यासारखीच डावीकडून जाते. उजवीकडून जाताना दिसली तर आधी स्कॅन पालटून बघा.

निगेटिव्हच्या पट्ट्या आहेत, हे तुमचं नशीब. प्रिंटवर नसलेली माहिती फिल्मच्या कडेला असते. इल्फर्डची फिल्म असेल तर कडेला प्रकार छापलेला दिसेल: एचपी३ असेल तर जुनी, एचपी४ असेल तर १९६५ च्या आधीची नाही, एफपी४ असेल तर १९६८ च्या आधीची नाही. आणि पट्टी अखंड असेल तर ती कापू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. एका पट्टीतल्या एका फोटोची तारीख पक्की झाली की शेजारचे फोटो आपसूक त्याच सुमाराचे ठरतात. ‘कोल्हापूर’च्या शेजारच्या चौकटीत काय आहे ते आधी बघा. कदाचित तेच बिननावाचं स्टेशन असेल.

पेन्सिलीच्या नोंदींबद्दल एक. मामांनी खोटं लिहिलं असं नाही. बहुतेकांनी फोटोंच्या मागे तेव्हाच्या तेव्हा काही लिहिलेलं नसतं; दहा-वीस वर्षांनी एखाद्या रविवारी बसून आठवेल तसं लिहिलेलं असतं. अशा वेळी जागा सहसा बरोबर निघते, साल चुकतं. म्हणून मागची नोंद कधी खोडायची नाही, आणि तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवायचा नाही.

आता लोकांपुढे मांडण्याबद्दल. प्रिंट निदान ६०० डीपीआयला, ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह त्याहून बरीच वर, अडीच-तीन हजारांच्या पुढे स्कॅन करा आणि मूळ फाइल टिफ म्हणून बाजूला ठेवून द्या. पांढरी कड कापू नका. मागची बाजूही स्कॅन करा, कोरी असली तरी. कागद बनवणाऱ्याचं नाव किंवा फोटोवाल्याचा शिक्का फिकट झालेला असला तरी स्कॅनमध्ये कधी कधी उठून दिसतो. आणि मोबाइलवरच्या त्या ‘जुना फोटो नवा करा’ वाल्या ॲपांपासून चार हात लांब राहा. ती ॲपं धूसर जागा स्वच्छ करत नाहीत, कल्पनेने भरतात. ४५५९३ मधला शेवटचा ३ अंधुक असेल तर ॲप त्याचा सुबक ८ करून देईल, आणि ४५५९८ म्हणजे बासुटोलँड. कोल्हापूरचं इंजिन पाच सेकंदांत आफ्रिकेत! रंग भरणं तर त्याहून वाईट. इंजिन हिरवं होतं, काळं होतं की लाल, हा कधी कधी तारखेचा मुख्य पुरावा असतो, तो ॲप स्वतःच्या मर्जीने ठरवतं. एकदा असा फोटो फिरायला लागला की मूळ कोणी शोधत नाही.

फोटोखाली मजकूर लिहिताना ‘दिसतं ते’ आणि ‘वाटतं ते’ वेगळं लिहा. ‘जुबिली ४५५९३, कॅबवर पिवळा पट्टा, पुढे दोन दिवे. मागच्या नोंदीत १९६१, पण पट्ट्यामुळे सप्टेंबर १९६४ नंतरचा. जागा: ठाऊक नाही.’ एवढंच पुरे. ‘ठाऊक नाही’ लिहायला लाजू नका. या विषयातली ब्रिटिश मंडळी फार काटेकोर असतात, आणि एखादी जागा ठाऊक नाही म्हटलं की जणू पैज लावल्यासारखी कामाला लागतात. तेच तुम्ही चुकीचं नाव ठणकावून लिहिलंत तर सगळी चर्चा तुमच्या चुकीभोवती फिरते, फोटोभोवती नाही. प्रश्न विचारताना पूर्ण फोटोबरोबर कुंपण, केबिन, दिव्याचा खांब असे तुकडे वेगळे मोठे करून द्या. वाद झाला तर कोण किती ठामपणे बोलतंय ते बघू नका, कोण फोटोतली वस्तू दाखवतंय ते बघा.

सुरुवात नावाच्या इंजिनापासून करायचा मोह होईल. करा, आपल्या लोकांना गंमत वाटेल. पण तिकडच्यांसाठी मोलाचे फोटो वेगळेच आहेत. ‘कोल्हापूर’चे फोटो खंडीभर निघाले आहेत. ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालात २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस होती आणि त्यांतली बरीचशी खरोखर बंद होऊन पाडली गेली. अशा एखाद्या स्टेशनचं तिकीटघर, सामानाची गाडी ढकलणारा हमाल, फलाटावरची फुलझाडं, हे कोणी फारसं टिपलंच नाही, कारण रोल महाग होता आणि तो इंजिनासाठी राखलेला असायचा. मामांच्या पेटीतले तुम्हाला कंटाळवाणे वाटणारे फोटो बाजूला काढू नका.

हक्कांचं बघायला हवं. ब्रिटनमध्ये फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. प्रिंट पेटीत असली म्हणून हक्क आपला होत नाही. त्या काळी रेल्वेचे फोटो पोस्टकार्ड आकारात विकत मिळत आणि शौकीन ते गोळा करत. मागे शिक्का, अनुक्रमांक किंवा दुसऱ्याचं नाव असेल तर तो मामांनी काढलेला नसण्याचीच शक्यता जास्त. असे फोटो वेगळ्या पाकिटात ठेवा आणि परवानगीशिवाय टाकू नका. ज्यांची निगेटिव्ह पेटीत आहे ते बहुधा मामांचेच, आणि त्यांचा हक्क वारसांकडे येतो. तेव्हा मामेभावंडांना आधी विचारा, नंतर रुसवेफुगवे नकोत.

शेवटचं, पण करायचं सगळ्यात आधी: निगेटिव्ह डब्यात असतील तर आजच डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागलीय. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि त्यांचंच स्कॅनिंग पहिलं उरका. प्लास्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पान धरूनच स्कॅन करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्हींची धास्ती असते, म्हणून साध्या कागदी पाकिटांत, जमिनीपासून वर, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत.